दगडावरचं दुसरं नाव

अप्पा गेले तेव्हा मेलबर्नमध्ये कडक लॉकडाऊन होता. दफनाला दहाच माणसांना परवानगी. ट्रुगानिना उपनगरातल्या घरात नरेंद्रने दहा नावं सांगितली. त्यांत त्याच घरात राहणाऱ्या धाकट्या भावाचं, प्रितमचं, नाव नव्हतं.

"दादा, अप्पांच्या शेवटच्या आजारात सगळं मी केलं. मलाच का नाही?"

"घरच्यांतच दहा होतात."

"मी घरचा नाही?"

उत्तर वहिनीने, सुनेत्राने दिलं. "तुझ्या आईशी अप्पांचं लग्न लागलं होतं का? त्यांनी तुला घरात आणलं, आम्ही सहन केलं. आता ते नाहीत. खोली रिकामी कर."

प्रितम मित्राकडे राहायला गेला. बापाचं दफन त्याने मोबाइलवर पाहिलं.

पुढच्या वर्षी मराठी ख्रिस्ती मंडळीच्या झूम उपासनेत पाळकांनी बायबलमधल्या इफ्ताहची गोष्ट सांगितली. परक्या बाईचा म्हणून भावांनी त्याला हाकललं, आणि लढाई अंगावर आल्यावर गावचे वडीलधारे त्यालाच आणायला गेले. नरेंद्र खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाला. प्रितमने लॅपटॉप मिटला.

त्याच वर्षी नरेंद्र-सुनेत्रा दोघांना कोविड झाला. सुनेत्राला अँब्युलन्स घेऊन गेली. नरेंद्रलाही धाप लागू लागली. त्यांची लहानगी मुलगी दीप्ती निगेटिव्ह होती, पण तिला ठेवून घ्यायला कुणी धजेना. मंडळीतले लोक दारात डबे ठेवून निघून जात. शेवटी नरेंद्रने प्रितमला फोन केला.

"दीप्तीला घेऊन जा. प्लीज."

"आता मी घरचा झालो?"

"ही भांडायची वेळ आहे का?"

"नेतो. पण अप्पांच्या कबरीच्या दगडावर मुलगा म्हणून तुझं एकट्याचं नाव आहे. माझंही घाल."

नरेंद्र बराच वेळ खोकत राहिला. "घालतो."

"स्पीकरवर टाक. दीप्तीसमोर सांग, मी कोण ते."

"प्रितम माझा भाऊ आहे," नरेंद्र दात आवळून म्हणाला.

"आय नो, डॅड," दीप्ती म्हणाली.

नोकरीवर रजा टाकून प्रितम तिच्याबरोबर आपल्या भाड्याच्या घरात कोंडून राहिला. भाऊ-वहिनी बरी होऊन घरी आली, तेव्हा त्याने तिला दारापर्यंत सोडलं. आत ये, असं कुणी म्हणालं नाही.

उन्हाळ्यात दगडावर दुसरं नाव कोरलं गेलं. प्रितम फुलं घेऊन गेला, तर ती तिघं तिथेच होती. दीप्ती त्याच्याकडे धावली. सुनेत्राने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"मिळालं ना नाव? आता आमच्या दारात पाऊल टाकू नकोस."

"तुमचं दार मागितलंच नव्हतं, वहिनी."

नरेंद्र मान वळवून गाडीकडे चालू लागला. प्रितमने फुलं ठेवली आणि कोरीव अक्षरांतली दगडाची भुकटी बोटाने काढत बसला.