बुटाची नाडी

ताई मैदानाच्या वळणावर खाली बसली आणि तिने डाव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. नाडी सुटलेली नव्हती. मघाशी नळापाशी तिने ती चांगली दुहेरी गाठ मारून आवळली होती, आणि त्याच्या आधी झाडाखालीही. पण वाकून बसलं की निदान दम तरी खाता येतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई काहीतरी कामात आहे.

लांबून बघणारा एकच होता. समोरच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. गळ्यात शिटी, आणि अंगात एके काळी अगदी घट्ट बसणारा, आता खांद्यांवरून ओघळणारा ट्रॅकसूट. शाळेत तो व्यायामशिक्षक, त्यामुळे सगळं गाव त्याला सर म्हणे. ताई एकटीच बारक्या म्हणायची, कारण जन्मला तेव्हा तो काडीसारखा होता. पुढे दाराच्या चौकटीत मावेना असा गडी झाला तरी ते नाव काही सुटलं नाही. आता आजारपणात ते नाव त्याला पुन्हा शोभायला लागलं होतं, आणि ताईला ते उच्चारायची चोरी झाली होती.

तिने मान वर करून पाहिलं. बारक्याने तोंड फिरवलं होतं. तो फाटकाकडे बघत होता.

झाला नाराज, ताई मनात म्हणाली. अरे, ओरड की मग! पण तो ओरडायचा नाही. पोरांवर खेकसला की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं दचकायची, असा ज्याचा आवाज, तो मैदानावर बहिणीशी चार शब्दांच्या वर बोलत नव्हता. ती उठून पाय ओढत बाकाजवळ आली, तशी शिटी एकदाच बारीक वाजली.

"बास. आज एवढंच."

"झालंसुद्धा? फेरी अर्धी राहिली की."

"राहू दे. घरी जा तू."

ताई घामेजलेला सदरा पाठीवरून सोडवत निघाली. सुटका झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोला. पण माझ्यावर शिटी वाया घालवायचीही याची इच्छा राहिली नाही, हेही मनाला लागून राहिलं.

बारक्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. जन्मभर पळालेल्या माणसाच्या गेल्या, आणि जन्मभर स्टुलावर बसून असलेल्या त्याच्या बहिणीच्या तपासणीत ठणठणीत निघाल्या. याला म्हणायचं तरी काय! तिने एक त्याला द्यायची असं ठरलं; रक्त जुळलं, बाकी सगळंही जुळलं. अडलं ते ताईच्या वजनापाशी. एवढ्या वजनाच्या बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. महिनाअखेरीला शेवटचं वजन व्हायचं होतं. त्यात ताई बसली तर बसली, नाहीतर बारक्याने अनोळखी दात्यांच्या यादीत नंबर लावायचा. त्या यादीतली माणसं वर्षानुवर्षं वाट बघत होती, आणि रक्त शुद्ध करायला जिथे सुया टोचतात ती त्याच्या हाताची शीर दुसऱ्यांदा बंद पडत आली होती.

"पाठच्या भावाचा जीव आहे हो," शेजारची बाई म्हणाली होती. "यापेक्षा आणखी काय पाहिजे माणसाला हलायला?"

काय पाहिजे, ते ताईलाही कळत नव्हतं. रोज सकाळी ती भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची, आणि तरीही पाय पलंगाखाली उतरायला तयार नसत. व्यायाम तिला लहानपणापासून नकोसा. तो घाम, ती धाप, छातीत वाजणारे ते ठोके आणि बघणाऱ्यांच्या नजरा! शाळेत खेळांच्या दिवशी ती पाण्याच्या टाकीमागे बसून राहायची. लग्नाचीही शर्यत आपणहून सोडली, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तिचं जग म्हणजे राहत्या घराखालची एक खोली. तिथे ती कवळ्या बनवायची. दाताचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवत, आणि ताई मेणात एकेक दात बसवत दिवसभर मान खाली घालून असे. हातांना कामाचा कंटाळा कधी आला नाही, आणि पायांना काम कधी पडलं नाही.

पण हे झालं जगाला सांगायचं कारण. आणखी एक होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तपासण्यांच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी एकदा सगळ्यांना बाहेर बसवलं होतं आणि दार लावून घेतलं होतं.

"आता फक्त तुमच्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या होत्या. "हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. तुम्हाला मनापासून द्यायची नसेल, तर मला सांगा. बाहेर आम्ही एवढंच सांगू की तुम्ही दाता म्हणून बसत नाही. का बसत नाही, ते कुणालाही कळणार नाही. तुमच्या भावालासुद्धा नाही."

"छे हो, काहीतरीच!" ताई म्हणाली होती. आणि घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन खूप वेळ पोटावर हात ठेवून उभी राहिली होती. ती घाबरली होती. पोट कापणार, आतलं काढून घेणार, आणि कदाचित ती टेबलावरून उठणारही नाही. साधी सुई टोचायची म्हटलं तरी तिच्या हातापायांतलं बळ जायचं. नाही म्हणायची तिची छाती नव्हती, आणि हो म्हणायचीही नव्हती. पण वजनकाटाच नाही म्हणाला तर? काट्याला कोण दोष देणार?

तेव्हापासून दुपारी, कामाच्या टेबलाचा खालचा खण उघडून, ती बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त करायची. समोर फळीवरच्या कवळ्या बत्तिशी दाखवत बघत असायच्या, आणि ताई त्यांच्याकडे पाठ करून खायची.

दुसऱ्या दिवशी बारक्याची हॉस्पिटलची पाळी होती. ताई मैदानावर आली, तर बाकापाशी तिची भावजय. हाताची घडी घालून उभीच होती. ही एके काळची पळणारी पोरगी. क्लबात बारक्यानेच तिला तयार केलं होतं, आणि लग्नाला एवढी वर्षं होऊनही ती नवऱ्याला सरच म्हणायची. त्यावरून घरात किती हसायचे सगळे! आज तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ताई, आज मी घेते तुमचा व्यायाम."

"अगं, तू कशाला? मी माझी करते की."

"महिना संपत आला. काटा जागचा हलत नाहीये." भावजय एक पाऊल पुढे आली. "एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला जमत नाहीये, की करायचं नाहीये?"

ही ओळखून आहे, ताईला वाटलं. हिला खणातले पुडेसुद्धा दिसले असतील. आणि चोर पकडला गेला की करतो तेच तिने केलं. ती उलट चिडली.

"करायचं नाही म्हणजे? जीव काढतोय तुझा नवरा माझा! कंबर मोडली माझी. त्याला विचार, काय काय करायला लावतो ते!"

"काय करायला लावतात?"

"काय नाही ते विचार! आधी अर्धी फेरी चालायचं. मग बाकावर बसून पाय सरळ करायचे आणि पंजे गोल फिरवायचे. मग झाडाला धरून टाचा उचलायच्या. मग पुन्हा चालायचं, पण सावकाश, धाप लागली की थांबायचं. आणि वर दोन दिवसांआड सुट्टी. नशीब माझं."

भावजयीने हातांची घडी सोडली. मग तिने खाली बघत उजव्या पायाचा घोटा दुसऱ्या पायावर घासला, जुनी खाज आल्यासारखा.

"टाचा उचलून सोडताना मनात आकडे म्हणायला सांगितलेत?"

"हो. तुला कसं कळलं?"

"माझा घोटा मोडला होता ना, प्लास्टर निघाल्यावर त्यांनी मला हेच दिलं होतं." ती हळूच बाकावर बसली. "हे दुखावलेल्या पोरांना देतात ताई. पाय जपायला. वजन उतरवायला नाही. वजन उतरवायचं म्हटलं की सर त्या तिथे नेतात." तिने मैदानाच्या कडेच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडे बोट केलं. "मला ओकारी येईस्तोवर चढवलंय तिथे. चुकून देतील असा माणूस नाही तो. झोपेतसुद्धा नाही चुकणार."

दोघी पायऱ्यांकडे बघत राहिल्या.

"मुद्दाम केलं?" भावजय म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मागोमाग रागही. "मी इकडे दिवस मोजतेय, आणि हा माणूस... थांबा, घरी येऊ देत आज. बघतेच."

"नको," ताई एकदम म्हणाली. "तू काही बोलू नकोस त्याला. मी बोलते."

त्या दुपारी तिने खण उघडला. पुडा काढला, फोडला नाही, आणि परत ठेवलाही नाही. टेबलावर कुणाची तरी वरची कवळी अर्धवट राहिली होती. मेण वितळवायचा दिवा पेटवून ठेवला तो तसाच जळत राहिला. बाकावरचं ते फिरवलेलं तोंड तिला आठवत होतं. नाराजीने नव्हतं फिरवलेलं तर. मेल्या, मग कशासाठी?

पुढच्या सकाळी बारक्या आधीच येऊन बसला होता. हाताला पट्टी होती, ओठ पांढरे पडले होते.

"चल. नेहमीचंच," तो म्हणाला. "सावकाश."

ताई त्याच्यासमोर उभी राहिली. "ते मोडक्या पायांचं नकोय मला."

त्याने शिटी बोटांत धरली आणि उलटसुलट केली.

"तिने सांगितलं?"

"कुणी का सांगेना. तू मला फसवलंस."

"फसवलं काय त्यात."

"मग काय केलंस?"

तो तिच्या बुटांकडे बघून म्हणाला, "पहिल्याच दिवशी तू चार वेळा नाडी बांधलीस. इतकी वर्षं पोरं बघतोय मी, ताई. कंटाळा आलेलं पोर पाणी प्यायला जातं. घाबरलेलं पोर नाडी बांधत बसतं."

ताईने पाय मागे घेतले.

"तू मागितली नाहीस हं कधी," ती म्हणाली. "एकदासुद्धा तोंडाने म्हणाला नाहीस, ताई, दे म्हणून. मला वाटायचं, ताठा आहे."

"कसा मागू? दहा रुपये आहेत का ते?" त्याने शिटी मुठीत आवळली. "तू नाही म्हणू शकली नसतीस. म्हटलं, काटा म्हणेल. तुला कुणी बोललं नसतं, आणि मलाही तुझ्याकडे बघता आलं असतं नंतर."

ताई धपकन बाकावर बसली. अगदी तोच हिशेब! ती बिस्किटं खात होती आणि हा टाचा उचलायला लावत होता, दोघं मिळून एकाच काट्याला फितवत होती. तिला हसू यायला लागलं आणि ते मध्येच रडण्यात गेलं.

"मी रोज दुपारी अख्खा पुडा खाते बिस्किटांचा," ती नाक पुसत म्हणाली.

"वाटलंच मला. नाहीतर त्या व्यायामानेसुद्धा थोडं उतरलं असतं."

"भीती वाटते रे बारक्या. फार वाटते. आत्तासुद्धा."

"मग नको ना. मी सांगतो डॉक्टरांना."

"तू गप्प बस," ताई म्हणाली आणि उठली. "मरायला टेकलाय आणि शहाणपणा शिकवतोय. पायऱ्या दाखव मला तुझ्या."

त्याने दाखवल्या. वर जाताना पूर्ण पाऊल ठेवायचं, उतरताना कठड्याला धरायचं, थांबायचं फक्त वर पोचल्यावर. सांगताना त्याचा आवाज कुठेकुठे सरांचा झाला. ताई खालच्या पायरीवर उभी राहिली आणि चढायला लागली.

भावावर माया दाटून आली होती, म्हणून काही पाय हलके झाले नाहीत. पाचसहा पायऱ्यांतच छाती भरली. सदरा पाठीला चिकटला, घाम डोळ्यांत उतरला, मांड्या थरथरायला लागल्या. व्यायाम तिला कालच्याइतकाच नकोसा होता. मध्यावर आल्यावर वर बघितलं तर पायऱ्या तेवढ्याच बाकी होत्या, आणि त्यांच्या टोकाला ऑपरेशनचं पांढरं टेबल आणि त्यावरचा दिवा तिला लख्ख दिसला. तिचा हात आपोआप खाली गेला. ती वाकली, बसली, आणि डाव्या बुटाच्या नाडीचं टोक बोटांत धरलं.

खालून शिटी वाजली नाही.

तिने काखेतून खाली पाहिलं. बारक्याने तोंड फिरवलं होतं. मान ताठ ठेवून तो फाटकाकडे बघत होता. ती आता बाजूच्या जिन्याने उतरून घरी गेली असती, तरी त्याला ते दिसणार नव्हतं. दिसायचं नाही, असंच त्याने ठरवलं होतं.

नाडी घट्ट होती. ताईने टोक सोडलं. कठडा धरून ती उभी राहिली.

"ए बारक्या!" ती ओरडली. पलीकडच्या रस्त्यावरचा एक माणूस दचकून थांबला. "तिकडे काय बघतोस? इकडे बघ! मी थांबलेय, दिसत नाही का तुला? वाजव की शिटी!"

बारक्याने मान वळवली. मग त्याने शिटी ओठांना लावली. पहिल्यांदा नुसती हवाच गेली. दुसऱ्यांदा मात्र ती वाजली, लांब आणि कर्कश, पोरांवर वाजायची तशी.

"मेल्या," ताई म्हणाली, आणि तिने पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं.