शेवटच्या कडव्यातलं नाव

हिंगणीचा तानबा वांग्यांच्या वाफ्यांत पाणी फिरवता फिरवता गाणी रचायचा आणि संध्याकाळी माझ्याकडून लिहून घ्यायचा. शाळेत मीच त्याला शिकवलं होतं, पण लिहिण्याचा त्याला कायम कंटाळा. हे एकाहत्तर सालापासूनचं.

खंजिरी त्याला आष्टीच्या नत्थूजी बुवांनी शिकवली. जुनी गिटार त्यानं नागपूरच्या एका बँडवाल्याकडून आणली. खंजिरीच्या जोडीला गिटार ऐकून म्हातारे हसले. पण धरण आपल्या शिवारात आणि कालवा कोरडा, असली ती गाणी दोन वर्षांत जिल्हाभर गेली. गावोगावच्या तरण्या पोरांनी भजनात गिटारी आणल्या.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. बुवांच्या मंडळात मात्र रिवाज असा, की गुरू हयात असेपर्यंत शिष्यानं गुरूचंच नाव घालायचं. तानबाची तोवरची सगळी चाळीस गाणी ‘नत्थू सांगे’वर संपत.

“एखाद्यात तरी आपलं नाव टाक ना बाप्पा,” मी म्हणायचो.

“बुवा जिते हायेत, गुरुजी. घाई काऊन?”

त्र्याऐंशीत बुवांच्या मुलानं, प्रभाकरनं, त्या गाण्यांची कॅसेट काढली. वर छापलं होतं : गीते नत्थूजी बुवा, गायक प्रभाकर. तानबाचं नाव कुठेच नव्हतं.

आम्ही दोघं आष्टीला गेलो. अर्धांगवायू झालेले बुवा बाजेवर पडून होते.

“बुवा, हे गाणे कोनाचे?” तानबानं विचारलं.

“शेवटी नाव कोनाचं हाय?”

“तुमचं.”

“मंग मले काऊन इचारून राह्यला?”

मी माझ्या वह्या पुढे केल्या. प्रभाकर हसला. “मास्तर, नत्थू सांगे कोनं लिवलं? अक्षर तुमचंच हाय ना?”

माझंच होतं. बुवांच्या पत्नी देवकाबाई चहा घेऊन आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. तानबाकडे न बघता त्या कप ठेवून आत गेल्या.

“बुवा खोटं नाई बोलून राह्यले,” येताना बसमध्ये तानबा म्हणाला. “त्यायले आता खरंच तसं वाटते.”

शहाऐंशीत बुवा वारले. आता रिवाजानं तानबा मोकळा झाला. त्याच साली गिरडच्या यात्रेत त्यानं आपलं सगळ्यांत गाजलेलं गाणं धरलं आणि शेवटी पहिल्यांदाच म्हटलं, ‘तानबा सांगे’.

“अबे, बुवाची राख तरी थंडी होऊ दे!” गर्दीतून आवाज आला. “लगेच गाणं चोरलं का बे?”

लोक हसले. मग एक चप्पल येऊन त्याच्या खांद्यावर लागली. समोर त्याच्यामुळेच गिटार धरलेली पोरं होती आणि तीच सगळ्यांत जास्त चिडली होती. काहीतरी सांगावं म्हणून मी उठलो.

“बसा, गुरुजी,” तो माईकवरून म्हणाला.

त्यानं शेवटचं कडवं पुन्हा धरलं. या खेपेला त्यात नत्थूचं नाव होतं. लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या.