ओल लागलेला बोर्ड

तंत्रशाळा बंद पडली तेव्हा मास्तर बावन्न वर्षांचे होते. सतरा वर्षं पोरांना सोल्डरिंग शिकवलं, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप. घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्याचे दिवस सुरू झाले होते, तेवढ्यात साडू घरी आला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बोलायला गोड, कामाला वाघ, निदान सगळे तसं म्हणायचे.

"मास्तर, टीव्ही-मोबाईलवाले गल्लोगल्ली पडलेत," तो म्हणाला. "मायनिंगची मशीनं दुरुस्त करणारा मात्र औषधाला सापडत नाही. जागा माझी, हात तुमचा. बोला."

मास्तरांनी तोवर तसलं मशीन पाहिलंही नव्हतं. बुटांच्या खोक्याएवढा पत्र्याचा डबा, दोन्ही तोंडांना पंखे, आत तीन लांबट बोर्ड. दिवसरात्र आकडेमोड करून डिजिटल नाणी मिळवायची एवढंच त्याचं काम, आणि त्यापायी ते भट्टीसारखं तापतं आणि गिरणीसारखं ओरडतं. एकेका बोर्डावर साठ-सत्तर चिपा एका रांगेत बसवलेल्या. पहिलीनं दुसरीला निरोप द्यायचा, दुसरीनं तिसरीला. मधली एक जरी मेली तरी निरोप तिथंच अडकतो आणि सबंध बोर्ड मुका होतो.

ती मेलेली चिप शोधायची म्हणजे नाडीपरीक्षाच. मास्तर मीटरच्या दोन सुया घेऊन चिपेमागून चिप तपासत जायचे. आकडा जिथं गडबडला तिथं थांबायचे. मग गरम हवेच्या बंदुकीनं जुनी चिप अलगद उठवायची, खालचं कथील साफ करायचं, नवी बसवायची. शेजारची चिप उठता कामा नये, खालची तांब्याची पट्टी सुटता कामा नये. असल्या कामात मास्तर श्वाससुद्धा मोजून घ्यायचे. वर्षभरात त्यांचं नाव झालं. लोक लांबून मशीनं घेऊन यायचे आणि साडूला ओलांडून थेट मास्तरांच्या टेबलाशी उभे राहायचे.

दुरुस्त केलेला बोर्ड मागच्या गोदामात जायचा. तिथं साडू तो दिवसभर चालवून बघायचा, आणि टिकला तरच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. गोदामात कुणा मोठ्या पार्टीची मशीनं ठेवलीत, असं त्यानं सांगितलं होतं. किल्ली त्याच्याच कमरेला.

दुसऱ्या वर्षापासून बोर्ड परत यायला लागले.

"मास्तर, हा नाही टिकला हो," साडू हळहळत टेबलावर बोर्ड ठेवायचा. "दुपारपर्यंत चालला, मग झोपला. तुमचा दोष नाही. वय झालं की हात थोडा इकडेतिकडे व्हायचाच."

मास्तर मीटर लावून बघायचे. बोर्ड खरोखरच मेलेला असायचा, तोही चार ठिकाणी. आपण काल नीट केलेला हाच का, असा प्रश्न त्यांना पडायचा. पण वरच्या चिकटपट्टीवरचा नंबर तोच असायचा. मग गिऱ्हाइकाला तोंड द्यायला मास्तरच जायचे. साडू म्हणायचा, "तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. तुम्ही सांगितलं की भांडत नाहीत."

त्या दोन वर्षांत मास्तरांनी दोनदा चष्मा बदलला. हात थरथरत असेल म्हणून चहा सोडला. घरी जुन्या रेडिओच्या बोर्डावर कथलाचे टाके घालून भिंगाखाली तपासायचे. टाके मोत्यासारखे यायचे. "इथं जमतं, मग तिथं काय धाड भरते?" असं स्वतःशीच पुटपुटायचे. बायको ऐकायची आणि भाजी चिरत राहायची.

त्यातलाच एक बोर्ड नर्सबाईंचा. बाई हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. मशीन त्यांच्या नवऱ्याचं, आणि नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला. त्यांच्या बोर्डावरची एक पट्टी आधीच कुणीतरी उखडून ठेवली होती. मास्तरांनी केसासारखी बारीक तांब्याची तार टाकून जोड दिला. तार हलू नये म्हणून लावायचा डिंक संपला होता, तेव्हा बायकोच्या कपाटातलं मरून नेलपॉलिश आणून त्याचा ठिपका दिला. बोर्ड टेबलावर झकास चालला. तिसऱ्या दिवशी साडूनं तो परत आणला, मेलेला.

"आत ओल गेलीय," साडू म्हणाला. "बाईंना विचारा, मशीनजवळ कपडे वाळवतात का."

चार ठिकाणी मेलेला तो बोर्ड मास्तरांनी नीट पाहिलासुद्धा नाही. मन विटलं होतं. बाहेर जाऊन त्यांनी विचारलं, आणि बाई गडबडल्या. "त्याच्या गरम वाऱ्यावर यांच्या चादरी वाळवते मी. दुसरीकडे ऊन नाही ना."

"मग त्यानंच झालं," मास्तर म्हणाले. "ओल लागली. आता यात जीव नाही."

सात-आठ महिन्यांनी साडू परगावी गेला असताना थोरल्या मेहुणीचा फोन आला. "मास्तर, गोदामातली मशीनं किंचाळतायत. मला तर स्फोट होईल असं वाटतंय. यांचा फोन लागत नाही. किल्ल्यांचा जुडगा घरीच राहिलाय, येता का?"

मास्तर गेले. भिंतीतला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा धुळीनं जाम होऊन बंद पडला होता आणि गोदामाची भट्टी झाली होती. त्यांनी मशीनं बंद केली, पंख्याची पाती पुसली, तो फिरता केला. मग एकेक मशीन चालू करत गेले. खालच्या फळीवरचं एक उठेना. सवयीनं त्यांनी त्याचे स्क्रू काढले, बोर्ड बाहेर ओढला आणि टॉर्च मारला.

मरून ठिपका. त्याखाली तांब्याची तार, त्यांनी वाकवली होती तशीच.

मास्तरांनी दुसरं मशीन उघडलं. तिसरं. आपला हात माणूस ओळखतोच. कथील कुठं थांबवायचं, चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा किती अंश तिरका बसतो, सगळं त्यांचंच. एकवीस बोर्ड त्यांनी मोजले. एकवीस वेळा त्यांनी बाहेर जाऊन मान खाली घातली होती. चांगल्या बोर्डावरची चिकटपट्टी सोलून कुठल्यातरी मेलेल्या बोर्डावर लावायची आणि चांगला आपल्या मशीनात घालायचा, एवढंच साडूला करावं लागत होतं.

मेहुणी दारात उभी होती. "झालं का?"

"झालं," मास्तर म्हणाले. नर्सबाईंचा बोर्ड त्यांनी पिशवीत घातला.

साडू परत आला त्याच दिवशी मास्तरांनी त्याला गाठलं. तो नाकबूल करेल, हातापाया पडेल, असं त्यांना वाटलं होतं. तो खुर्चीत रेलून बसला.

"आरडाओरडा करू नका, मास्तर. शाळा बुडाल्यावर तुमची चूल कशावर पेटली? याच गोदामावर. एकट्या दुरुस्तीवर दुकान चालतं असं वाटलं तुम्हाला?"

"मला माझ्या हातांचा संशय यायला लागला होता," मास्तर म्हणाले. "चष्मे बदलले मी."

"मग चांगलंच झालं की. डोळे तपासून झाले." साडू हसला. "आणि लोकांना सांगितलं कुणी? मी एकालाही 'मेला' म्हटलेलं नाही. सगळं तुमच्या तोंडून गेलंय."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. पदराचा काठ दुमडला. मग म्हणाली, "बाहेर काढलंत तर ताईचं घर उघड्यावर येईल."

"आणि माझं?"

"तुमचं काय गेलंय? नोकरी सोडा. घरी बसा. पण माझ्या बहिणीला रस्त्यावर आणू नका."

मास्तर दुसऱ्या सकाळी नर्सबाईंकडे गेले. बाईंनी दार उघडलं. पुढच्या खोलीतला पलंग रिकामा, गादी गुंडाळून ठेवलेली. मास्तरांनी पिशवीतून बोर्ड काढला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

बाईंनी बोर्डाला हातही लावला नाही. "मशीन भंगारवाल्यानं नेलं. तुम्हीच म्हणालात जीव नाही म्हणून."

"मी दुसरं मशीन मिळवून..."

"मला नकोय. ते यांचं खूळ होतं." बाई खाली बसल्या. "पडल्यापडल्या त्याचा आवाज ऐकायचे. पंखा जरा अडखळला तरी मला हाक मारायचे. मी तुमच्याकडून आले आणि यांना सांगितलं, माझ्या चादरींनी ओल लागली. त्यानंतर चार महिने होते ते. माझ्याशी कामापुरतं बोलले. ओली चादर पिळायला घेतली की तोंड भिंतीकडे फिरवायचे."

मास्तर बोर्ड हातात धरून उभे होते. "मला खरंच माहीत नव्हतं, बाई."

"नसेलही," बाई म्हणाल्या. "पण सांगितलंत तुम्ही. शपथेवर सांगावं तसं. मी तीस वर्षं रोग्यांच्या नातेवाइकांना 'गेला' म्हणून सांगत आले, पण आधी स्वतः बघून." त्या उठल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. "ते घेऊन जा. घरात नको मला."

मास्तरांनी दुकान सोडलं. उरलेल्या वीस जणांपैकी सहा जणांचे पत्ते त्यांना आठवत होते, आणि बायकोला न सांगता ते सहाही जणांकडे गेले. दोघांनी ऐकून घेतलं. एकानं साडूला फोन केला. साडूनं त्याला समजावलं की मास्तरांची नजर गेली, काम काढून घेतलं, त्याचा राग बोलतोय. आठवड्याभरात ही गोष्ट सगळीकडे झाली. रस्त्यात भेटणारे ओळखीचे लोक, "डोळे कसे आहेत?" असं मोठ्यानं विचारायचे, जणू कानही गेलेत. मेहुणीनं बायकोशी बोलणं टाकलं, आणि बायकोनं मास्तरांशी.

पुढे लिफ्टचे पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं. टाके घालायचे, आणि बोर्ड पलीकडच्या टेबलावर तपासायला द्यायचे. तिथं एक तरुण बाई बसायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं एक बोर्ड परत पाठवला. मास्तर तरातरा उठले.

"माझ्यासमोर लावा. आत्ता. आणि नंबर दाखवा."

सगळी माणसं काम थांबवून बघायला लागली. बाईनं निमूटपणे नंबर दाखवला, बोर्ड लावला, दिवा लाल झाला. मास्तरांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लाल. तिनं भिंग त्यांच्याकडे सरकवलं. कोपऱ्यातला एक टाका अर्धवट राहिला होता. त्यांचाच टाका, त्यांच्याच हातचा.

"होतं हो कधीकधी," ती म्हणाली.

मास्तरांनी बोर्ड उचलला आणि आपल्या जागेवर येऊन बसले. सोल्डरिंग आयर्न तापलं होतं. ते हातात घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.