सभा तहकूब झाली नाही

दीपमाला महापौर झाली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ धर्मपाल सुट्टी काढून आपल्या गावी, फुलसावंगीला गेला आणि बुद्धविहाराजवळच्या प्रत्येक घरी पेढे देऊन आला. दीपमाला लग्न होऊन ज्या मोठ्या शहरात गेली, तिथेच तो तीन वर्षांपासून महापालिकेच्या कंत्राटदाराकडे गटारं साफ करायचा. त्याची बायको नलू गावीच राहून सोयाबीन-कापसाच्या मजुरीला जायची. बहीण आता अख्खं शहर चालवते, असं त्याने गावभर सांगितलं होतं.

दीपमालाला ते ऐकून संकोच वाटला. पहिल्याच आठवड्यात नगरसचिवांनी तिला नीट समजावलं होतं, की महापौरांनी सभा चालवायची, पाहुण्यांचं स्वागत करायचं. कामं मात्र आयुक्तांच्या सहीने होतात. तिने भावाला बजावलं, कामावर माझं नाव घ्यायचं नाही. त्याने ते कधीच घेतलं नाही.

एका रविवारी तो तिच्याकडे जेवायला आला. हात दोनदा धुतले तरी ताटाला लावायला कचरत होता. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, आमाले मास्क नाई, दोर नाई. तोंडाले दुपट्टा बांधून उतरून राह्यलो. मशीन आहे म्हनतात, पन ते कोनी पाह्यली नाई."

पुढच्या सभेत तिने स्वतः लक्ष घालून ठराव आणवला : गटारात माणूस उतरवायचा नाही, यंत्रं घ्यायची. ठराव एकमताने मंजूर झाला. बाकं वाजली, पेपरात तिचा फोटो आला. धर्मपालने तो कापून गावी पाठवला.

महिना गेला. धर्मपालने फोन करून विचारलं, काही आलं नाही अजून. तिने आयुक्तांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, कार्यवाही सुरू आहे. दुसऱ्या महिन्यात त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा तिने तेच उत्तर त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरं. त्यानंतर त्याने विचारलं नाही, आणि तिनेही आयुक्तांना विचारलं नाही. उद्घाटनं होती, परदेशी पाहुणे होते, सभा होत्या.

तिसऱ्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, बाजारामागच्या गटारात धर्मपाल उतरला आणि वर आला नाही. दीपमाला पोहोचली तेव्हा त्याला रस्त्यावर निजवलं होतं. कुणीतरी त्याचं तोंड पुसलं होतं. कंत्राटदाराचा मुकादम तिला ओळखून उभा राहिला आणि म्हणाला, हा तुमचा भाऊ होता, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

फुलसावंगीला अंत्यसंस्कार झाले. जलदान विधीच्या दिवशी भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, जेवणं झाली, माणसं पांगली. नलू दीपमालासमोर येऊन बसली. ती रडत नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "ताई, ते म्हनायचे, माह्या बहिनीच्या हातात लय आहे. खरंच होतं का?"

दीपमालाने तिला सगळं सांगितलं : ठराव, पत्र, सह्या, कुणाचं काम काय. ऐकून झाल्यावर नलू उठली आणि भांडी घासायला गेली.

पुढच्या सभेला विरोधी पक्षनेत्याने धर्मपालचा शोकप्रस्ताव मांडला आणि प्रथेप्रमाणे सभा तहकूब करावी, अशी सूचना केली. सगळे मौनासाठी उभे राहिले. मौन संपलं. लोक कागद आवरू लागले, तेव्हा दीपमाला म्हणाली, "सभा तहकूब होणार नाही. यंत्रांच्या ठरावाचं काय झालं, ते आयुक्तांनी सांगावं. तोवर मी इथून उठणार नाही आणि दुसरा विषयही घेणार नाही."

तीन तास कुणालाच काही करता आलं नाही. दुपारी फाईल सापडली. एका टेबलावर, एका शेऱ्यासाठी अडकली होती. आयुक्तांनी सभागृहातच सही केली. वीस दिवसांत दोन यंत्रं आली, आणि त्या शहरात गटारात माणूस उतरवणं थांबलं.

दीपमालाने नलूला फोन केला. हे कळलं तर नलूला थोडं बरं वाटेल, असं तिला वाटत होतं. नलू शेतात होती. मागे बायकांचे आवाज येत होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमाले सभा अडवता येत होती," ती म्हणाली.

"हो."

"मंग आधी काहून नाई अडवली, ताई?"

नलूने उत्तराची वाट पाहिली, मग कापूस वेचायचा राहिलाय, असं सांगून फोन ठेवला.

वर्षाने धर्मपालच्या पुण्यानुमोदनाला दीपमाला गावी गेली. नलूने तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं, ताटात दुसऱ्यांदा भाकर टाकली. संध्याकाळच्या एसटीने दीपमाला परत निघाली, तेव्हा नलू स्टँडपर्यंत पोचवायला आली नाही.