बुडालेला चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. मित्रांनो, इतर चौरंग समारंभात मिरवतात. मी मात्र लपण्यासाठीच जन्माला आलो. थायलंडमधल्या खोन केन शहरातील एका कारागिराने मला पारदर्शक प्लॅस्टिकमधून कापले. मग प्रयोगशाळेतील गोल हौदात, दुधाची भुकटी कालवलेल्या पाण्याखाली मला बोटभर बुडवून ठेवण्यात आले. उंदरांनी पोहत मला शोधायचे आणि माझ्या पाठीवर विसावायचे. खूण एकच: माझ्या बाजूच्या भिंतीवरचे हत्तीचे कॅलेंडर.

प्राध्यापिका कन्निका यांचा प्रश्न सरळ होता. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, तर प्रोजेस्टेरॉन हे शरीरातलेच संप्रेरक मेंदूला सावरू शकेल काय? उंदरांनी आधी माझा पत्ता शिकून घेतला. नंतर भूल देऊन त्यांच्या मेंदूला इजा करण्यात आली. निम्म्यांना तेलात विरघळवलेले संप्रेरक मिळाले, निम्म्यांना नुसते तेल.

परीक्षेच्या दिवशी एकही उंदीर माझ्यापर्यंत पोहोचेना.

"बाई, बंद करा आता हे," विभागप्रमुख वीराफोन म्हणाले. "या हौदात मागूर मासे पाळू. निदान जेवायला तरी मिळतील!"

"साकू राहिलीय अजून, सर. तिला पोहू द्या, मग मासे काय, मगर पाळा."

साकू ही संप्रेरक मिळालेली गुबगुबीत मादी. पाण्यात सोडताच ती तडक माझ्या विरुद्ध काठाकडे गेली. तिथे काहीच नव्हते. तरीही ती तिथेच घिरट्या घालत राहिली, जणू तिच्या घराचे दार कोणी पळवले होते.

बाईंनी मान वर केली. साकूच्या वरच्या भिंतीवर हत्ती!

"थोंगदीकाका! कॅलेंडर कुणी हलवलं?"

"मीच की. खुर्चीतून लॉटरीची तारीख दिसत नव्हती हो!" प्रयोगशाळेचे म्हातारे शिपाई म्हणाले.

"अहो काका! तेलवाले कुठेही भटकले, पण संप्रेरकवाले सगळे तिथंच शोधत होते. म्हणजे यांना आठवतंय!"

"म्हणजे लॉटरी लागली म्हणा की!"

कॅलेंडर जागेवर आले. साकू सरळ येऊन माझ्या पाठीवर बसली आणि ऐटीत मिशा पुसू लागली. मासे टळले.

पुढे नवा हौद आला आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. आता थोंगदीकाका माझ्यावर उभे राहून कॅलेंडरचे पान उलटतात. कॅलेंडर मात्र भिंतीला पक्के ठोकलेले आहे.

मित्रांनो, हे औषध माणसांना तारते असे अजून सिद्ध झालेले नाही. म्हणून हेल्मेट घाला, त्याचा पट्टाही लावा. आणि कोणी वाट चुकला, तर त्याला विसराळू म्हणण्याआधी एवढेच पाहा: त्याचा हत्ती कोणी हलवला तर नाही ना?