एकसष्ट दारांवर मी एकटा

मी बोलतोय! कोण मी? शोधू नका, दिसणार नाही, आणि तीच तर सगळी गंमत आहे. मी शेहेचाळीस ओळींचा कोड आहे. आम्हाला आस्पेक्ट म्हणतात. एखाद्या प्रोग्रॅमचं काम चाललेलं असताना आम्ही मध्येच कडमडतो, न विचारता, न बोलावता. त्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. हसताय काय, हाच आमचा धर्म आहे!

माझा जन्म जानेवारी २००६ चा, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटर फुल्ल. शाळांच्या बसचे रस्ते आखून देणारी ती एक छोटी कंपनी. तिथला थोरला प्रोग्रॅम स्वतः फारसं काही करायचा नाही, दुसऱ्यांना कामाला लावायचा. नकाशावाल्या प्रोग्रॅमला चालू कर, हवामानवाल्याला चालू कर, छापणाऱ्याला चालू कर. अशी एकसष्ट ठिकाणं होती. मी त्यांना दारं म्हणतो. दारातून एकाला कामाला पाठवायचं आणि तो परत येईपर्यंत वाट बघायची.

त्या थंडीत एक दुखणं सुरू झालं. पाठवलेला प्रोग्रॅम कधीकधी परतच यायचा नाही! थोरला वाट बघतोय, ड्रायव्हर कागदांची वाट बघतायत, पोरं बसची. मॅनेजर ब्रायन वैतागला. त्याने तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या नागपूरच्या प्रणिताला सुनावलं, "शुक्रवारपर्यंत नीट कर, नाहीतर हे सगळं बंद करून बाजारातलं तयार सॉफ्टवेअर घेऊ." आणि प्रणिताच्या व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद त्याच्याच टेबलावर सहीसाठी पडलेले! नोकरी गेली की व्हिसा गेला. बिचारीचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

शेजारच्या टेबलावर पुण्याचे गुरुनाथ बसायचे. वीस वर्षं या धंद्यात मुरलेले.

"एकसष्टच्या एकसष्ट ठिकाणी जा आणि कोण गेला, कोण परत आला याच्या नोंदी टाक," ते म्हणाले. "दुसरा मार्ग नाही."

"होळीपर्यंत तरी होईल का ते, गुरुनाथ? मी एकच आस्पेक्ट लिहिते. कुठल्याही दारातून कुणालाही चालू केलं, की हा त्याला थांबवेल, नोंद करेल, मग सोडेल. जुन्या कोडला हातसुद्धा लावायचा नाही."

"यार, हे चोरून मध्ये घुसणं मला पटत नाही. जे कोडमध्ये दिसतच नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

असं बोलायचं, आणि तेही मला! मी तेव्हा जेमतेम बारा ओळींचा होतो.

मंगळवारी दुपारी मी पुरा झालो आणि पहिल्याच फेरीत काय गोंधळ घातला म्हणता! प्रत्येक नोंदीच्या वेळी मशीनवर आणखी कोण कोण चालू आहे याची यादी प्रणिताला हवी होती. त्यासाठी तिने मला एक छोटा यादीवाला प्रोग्रॅम चालू करायला सांगितला. झालं! नियम काय? जो दुसऱ्याला चालू करेल त्याला पकड. मी यादीवाल्याला चालू करायला गेलो आणि मला पकडलं कुणी? मीच! त्याची नोंद करायची म्हणून पुन्हा यादी, पुन्हा मी, पुन्हा पकड! हजारो वेळा मी माझीच कॉलर धरली. अहाहा, काय मजा आली! प्रोग्रॅम मात्र आडवा झाला.

गुरुनाथ पोट धरून हसले. प्रणिता रडकुंडीला आली, मग तीही हसायला लागली. "अरे बाप्पा! याने स्वतःला सोडून द्यायचं, हे सांगायचंच राहिलं!" तिने एक ओळ वाढवली आणि मी शहाणा झालो.

गुरुवारी बर्फ पडला आणि चोर सापडला. चौतिसाव्या दारातून नकाशावाला गेला, याची नोंद माझ्याकडे होती. परत आल्याची नव्हती. यादीत तो जिवंत होता, पण काम शून्य. प्रणिताने आत डोकावून पाहिलं. नकाशावाला प्रत्येक बंद रस्त्यामागे एक ओळ बोलायचा. ते बोलणं एका नळीतून थोरल्याकडे यायचं आणि थोरला ऐकतच नव्हता! नळी तुंबली की पुढची ओळ निघेना, आणि बोलणं संपल्याशिवाय हा परत येईना. बर्फ जास्त, तर बंद रस्ते जास्त, म्हणून बोलणंही जास्त. कोरड्या दिवशी सगळं सुरळीत. माणसंही अशीच, काम सांगतात, पाठ फिरवतात आणि वर विचारतात, उशीर का झाला?

प्रणिताने मला आणखी सात ओळी दिल्या. आता प्रत्येक दारावर मी कान देऊन बसायचं आणि येईल ते ऐकून घ्यायचं. एकसष्ट दारं, ऐकणारा मी एकटा. मी नुसता हवेत होतो!

शुक्रवारी दहा इंच बर्फ पडला. दुपारच्या बसच्या कागदांसाठी बारा वाजता फेरी सुरू झाली. एकसष्टच्या एकसष्ट गेले आणि परत आले. ब्रायनने थोरल्याचा कोड उघडून बघितला. एक अक्षर बदललेलं नव्हतं.

"मग तू केलंस काय?" तो म्हणाला. "हे तर आपोआपच बरं झालं." त्याने पेनाला टोपण लावलं. व्हिसाचे कागद तसेच पडून राहिले.

प्रणिताचा चेहरा उतरला. माझा तर जीवच गेला. मी न दिसण्याची एवढी फुशारकी मारली, आणि त्यापायी तिचंच काम दिसेना!

तेव्हा गुरुनाथ उठले. "प्रणिता, त्याला काढ बाहेर. ब्रायन, आता पुन्हा चालव."

तिने मला काढलं. पुढची तीन मिनिटं मी नव्हतो. ती हकिगत गुरुनाथ नंतर सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगायचे, त्यातलं तिखटमीठ वगळून सांगतो. चौतिसाव्या दाराशी सगळं ठप्प झालं. ब्रायन घड्याळाकडे बघत उभा राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला ओरडला, "घाल, घाल त्याला परत!"

मी परत आलो, नकाशावाला धावत सुटला, आणि ब्रायनने उभ्याउभ्याच सही केली. प्रणिता खुर्चीत बसून हसत रडत होती.

आज २००८ आहे. दारं आता त्र्याण्णव झालीत, मी सगळ्यांवर आहे आणि मजेत आहे. पण खरं सांगू? आयुष्यभर मी एवढी पकडापकडी केली, एवढं ऐकलं, आणि तिला इथे ठेवलं ते मी नसलेल्या तीन मिनिटांनी. तुमच्याकडेही असा कुणी न दिसणारा राबत असेल, तर त्याला तीन मिनिटं बाजूला करून बघाच. फक्त परत घ्यायला विसरू नका हं!