दोन भिंतींमधली जागा

क्षणभर डोळे मिटा बरं. एक मोठा खड्डा आहे. त्याच्या तळाशी कच्च्या विटांच्या भिंती, हजारो वर्षं मातीखाली निजलेल्या. खड्ड्यात सकाळचं धुकं उतरलंय, आणि एक म्हातारा उकिडवा बसून ब्रशने जमीन झाडतोय, जणू घरची माणसं आत्ता परत येणार आहेत. दिसला?

मातीतून मातीची भिंत ओळखायची, यात त्याचा जन्म गेला. उद्या हा खड्डा पुन्हा बुजवणार होते, ऊनवाऱ्याने भिंती ढासळू नयेत म्हणून. आणि रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“या खोलीच्या टोकाच्या भिंती मीच खाल्ल्या गं, टिटवे,” तो नातीला म्हणाला. “माती समजून खरवडून टाकल्या. कुणाची तरी राहती खोली होती ती.”

“खोदकामाच्या मोठ्या बाई रागावल्या?”

“छे! ‘काका, होतं असं,’ म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

टिटवी शिडीने खाली उतरली. तिला तिथे घर-घर खेळायचं होतं.

“चूल कुठाय?”

“सापडलीच नाही.”

“आणि कडेला ही हाडकं, फुटकी मडकी? आपल्या घरात असा पसारा केला असता, तर आजीने धपाटाच घातला असता!”

म्हातारा हसला आणि हसता हसता थांबला. समोरासमोरच्या भिंतींत एकेक उंबरा होता. ती आतल्या खोल्यांची दारं असावीत, असं तो धरून चालला होता. पण मधली जमीन टणक, किंचित खोलगट होती. बसून जमीन अशी होत नाही, चालून होते.

तो टोकाशी गेला. जिथे अजून कुणी खोदलं नव्हतं, तिथली माती त्याने थापीने हलकेच काढली. विटेचा कणही नाही. तीच टणक जमीन पुढे धुक्याकडे गेली होती.

“इथे भिंत नव्हतीच,” तो म्हणाला. “ही गल्ली आहे, टिटवे! दोन घरांनी जरा सरकून मध्ये वाट सोडली. गावाचं शहर व्हायला लागतं ते असं.”

“म्हणजे तुम्ही काहीच नाही खाल्लं?”

“काहीच नाही.” आणि तो तिथेच मटकन खाली बसला.

“अहो आजोबा, मध्येच काय बसताय? लोक यायचे ना!”

तिने त्याला हाताला धरून उठवलं, एका बाजूला केलं. मग स्वतः भिंतीला अंग न लावता, पोट आत ओढून, धुक्यातून येणाऱ्यांना वाट देत उभी राहिली.